टाकीमागचं झाड

ह्यांचा उजवा हात यंत्रात सापडला तेव्हा मी कचेरीत होते. म्हैसूरच्या मेटगळ्ळीतल्या ज्या कारखान्यात हे लेथवर टर्नर होते तिथून फोन आला. फोन करणारा कन्नडात एवढंच म्हणाला, "घाबरू नका मॅडम, बोटं आहेत." बोटं होती, खरंच. पण कोपराखाली कुठलीशी नस चिरडली होती, आणि पुढचा सगळा काळ त्या एका नसेनं घेतला.

जखम भरली, टाके निघाले, हात दिसायला पूर्वीसारखा झाला. आतली आग मात्र विझली नाही. हे म्हणायचे, "कढत तेलात हात धरून बसल्यासारखं वाटतं." पंख्याचा वारा लागला तरी कळवळायचे. ह्यांच्या सगळ्या शर्टांची उजवी बाही मी खांद्यापासून कापून टाकली होती, कारण कापड घासलेलंही सोसायचं नाही. एका डॉक्टरांच्या गोळ्यांनी दिवसभर झापड यायची, दुसऱ्यांच्या गोळ्यांनी पोट बिघडायचं. कारखान्यानं काही दिवस वाट पाहिली आणि मग निरोप दिला. मुलगी लग्न होऊन हुबळीला गेलेली. नजरबादेतल्या घरात आम्ही दोघंच. मी सकाळी कचेरीला निघायची तेव्हा हे खुर्चीत, हात उशीवर ठेवून बसलेले असायचे, आणि संध्याकाळी परत यायची तेव्हाही तसेच.

एकदा मी आले तर हे स्वयंपाकघरात उभे होते. डाव्या हातानं कांदा कापत होते. वाकडातिकडा, पण कापत होते.

"भूक लागली," म्हणाले.

अपघातानंतर हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. जीव सुखावला, आणि त्याच क्षणी नाकात वास शिरला. कॉलेजात असताना बसस्टँडच्या मागच्या भिंतीशी यायचा तो.

"काय ओढलंत?"

ह्यांनी लपवलं नाही. "गांजा. कारखान्यातल्या एकानं आणून दिला. तासभर हात माझा वाटतच नव्हता बघ. म्हणजे दुखत होता, पण लांब कुठंतरी. शेजारच्या घरात मूल रडत असावं तसा."

त्या संध्याकाळी हे दोनदा वाढून घेऊन जेवले. मी उरलेली आमटीही त्यांच्यापुढं सरकवली.

पण आणून देणारा दर वेळी भेटेना. मग हे स्वतःच जायला लागले, रिंग रोडच्या पलीकडं कुणाकडं तरी. परत येईपर्यंत माझा एक पाय घरात, एक गेटात. एकदा आणलेल्या पुडीत काय मिसळलं होतं कोण जाणे, हे उलट्या करकरून पिवळे पडले. पुढच्या वेळी गेले तर तो माणूसच नव्हता. आदल्या दिवशी पोलिसांनी त्याला उचललं होतं. हे कोपऱ्यावरच्या दुकानात चहा पिऊन परत आले. मला हे सांगताना हसत होते, पण कपाळावर घाम होता.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. एरवी मशीनमधले कपडे हेच वर नेत, डाव्या खांद्यावर टाकून. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मी गेले. पाण्याच्या टाकीमागं, कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी एक नवी कुंडी होती. त्यात माझ्या कमरेला लागेल असं हिरवंगार झाड. पानांची बोटं पसरलेली.

हे माझ्यामागून जिना चढून आले होते.

"हे काय?"

"झाड."

"कसलं ते विचारतेय मी."

"तुला ठाऊक आहे कसलं. बी पुडीतच होतं. सुम्ने टाकून बघितलं, तर आलं."

सुम्ने म्हणजे उगाच. आमच्या घरातल्या मराठीत निम्मं कन्नड असतं. पूर्वज राजाच्या फौजेत आले आणि इथलेच होऊन गेले, भाषाही तशीच झाली. पण ते झाड सुम्ने आलेलं नव्हतं, एवढं मला दिसत होतं. माती चाळलेली होती, आणि झाडाला आधार म्हणून लावलेली काठी तासून गुळगुळीत केलेली होती.

"मी सरकारी नोकर आहे, अहो," मी म्हणाले. "घर माझ्या नावावर आहे. कुणी आलं तर आधी मला नेतील."

"गच्चीवर कोण येतंय?"

"एक झाड असलं तरी गुन्हाच आहे."

"आणि पुडी विकत आणतो ते काय पुण्य आहे? तिथं मी भर रस्त्यात सापडीन. इथं निदान काय ओढतोय ते तरी ठाऊक. भेसळ नाही, आणि कुणाच्या दारात जाऊन उभं राहायला नको."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी रिकामी बादली उचलली आणि खाली आले. झाड राहिलं.

त्या झाडानं चांगलं काय केलं ते आधी सांगते, कारण पुढं जे घडलं त्यात ते विसरलं जातं. हे झोपायला लागले. अंगावर मांस आलं. हुबळीहून लेकीचा फोन आला की पूर्वी फोन माझ्याकडं सरकवून द्यायचे, ते आता स्वतः घ्यायला लागले. आणि ओढण्याचा जेवढा उपयोग झाला, त्याहून जास्त बहुतेक झाड वाढवण्याचा झाला. हे सकाळी उठून आधी गच्चीवर जायचे. ज्या माणसाच्या नजरेतून केसाएवढा फरक सुटत नसे, त्याला कित्येक दिवसांनी बघायला काही मिळालं होतं. पान उलटून बघ, कीड लागलीय का बघ, माती बोटानं चाचपून बघ, सगळं डाव्या हातानं. त्या झाडापायी त्यांचा डावा हात शहाणा झाला. खाली आले की मला सांगायचे, आज तिसरी फांदी फुटली, आज खालचं पान पिवळं दिसतंय. मी डबा भरत भरत "हौदा?" म्हणायची. म्हणजे, हो का?

आणि माझं काय झालं, तेही सांगते.

आमच्या शेजारचं जुनं कौलारू घर पाडून तिथं अपार्टमेंट उभं राहत होतं. आधी ते आमच्या गच्चीपेक्षा खाली होतं. मग बरोबरीला आलं. मग वर जायला लागलं. एकेक स्लॅब पडला की मी गच्चीवर जाऊन अंदाज घ्यायची. वरून बघणाऱ्याला टाकीमागचं सगळं दिसणार. हे टाकीला चिकटून तोंडलीचा मांडव उभा करायला लागले. वेल चढायला वेळ घेत होती, इमारत वेळ घेत नव्हती. कामावरची माणसं दुपारी कठड्यावर बसून डबे खायची तेव्हा मी खालून स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या माना कुठं वळतात ते बघायची.

झाड मोठं झालं, फुलोऱ्यावर आलं, तसा वास सुटला. पहाटे जिन्यावरून खाली यायचा. मी ऊदबत्त्या लावायची, मग वाटायचं, एवढ्या ऊदबत्त्यांचाच कुणाला संशय येईल. मीटर बघायला माणूस आला की मी त्याच्यासमोर उभी, तो जाईपर्यंत. गॅसवाला, कुरिअरवाला, वर्गणीवाले. कामवालीला मी गच्ची झाडू नको म्हणून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "का अक्का, माझ्या कामात काय चूक झाली?" बिचारीची समजूत घालता घालता मीच रडकुंडीला आले.

कचेरीत एकदा चहाच्या वेळी सहकारी सांगत होते, कुणा भाडेकरू पोरांनी खोलीत दिवे लावून गांजा वाढवला होता, पोलिसांनी दार फोडलं, घरमालकालाही नेलं. सगळे हसत होते. एकजण म्हणाला, "वीजबिल बघून घरमालकाला कळायला नको?" मीही हसले. हातातला कप टेबलावर ठेवताना बशीवर आपटला, तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "बीपी बघितलंत का अलीकडं?" त्यानंतर मी दुपारच्या सुट्टीत घरी जायला लागले. गेट उघडून जिन्याशी उभी राहायची, वर सगळं शांत आहे ना ते ऐकायची, आणि न जेवताच परत फिरायची.

आम्ही कुठं जाईनासे झालो. लेकीकडं हुबळीला जायचं ठरलं आणि मोडलं. झाडाला पाणी कोण घालणार? किल्ली कुणाकडं द्यायची? माहेरी बेट्टदपुराला जायचं तर मी एकटी जायची आणि पुढच्याच बसनं परत. आणि कुणाला घरीही बोलावता येत नव्हतं. गांजानं सैल झालेल्या ह्यांच्याशीही कधी कधी माझं जमेना. काही विचारावं तर उत्तर उशिरा यायचं. दूध गॅसवर ठेवून खुर्चीत हसत बसायचे. भांडं जळून काळं झालं तरी हलायचे नाहीत. मी ओरडले की म्हणायचे, "बिडु गं. जाऊ दे." ज्याचा हात दुखत नव्हता त्याला 'जाऊ दे' म्हणायला काय जातं, असं मनात यायचं आणि मग स्वतःचाच राग यायचा. हात दुखत नाही, हेच तर हवं होतं ना मला?

दसरा आला. आमचं घर राजवाड्यापासून पायी जाण्याजोगं, त्यामुळं दसऱ्याला पाहुणे कधी चुकले नाहीत. हत्तींची मिरवणूक बघायची, परत यायचं, जेवायचं, आणि अंधार पडला की आमच्या गच्चीवर चटया टाकून राजवाड्याच्या घुमटांची आणि चामुंडी टेकडीची रोषणाई बघत बसायचं. आधीच्या वर्षी ह्यांच्या दुखण्याचं कारण सांगून टाळलं होतं. यंदा माझा मोठा भाऊ, अण्णा, फोनवर म्हणाला, "दाजी आता बरे आहेत म्हणतेस, मग आम्ही येतो." नाही म्हणायला तोंड उघडेना.

अण्णा बेट्टदपुराजवळ तंबाखू पिकवतो. तो आणि वहिनी एवढेच येणार होते. ह्यांनी कुंडी ढकलत ढकलत गच्चीवरच्या छोट्या बाथरूममध्ये नेली, कडी लावली, वर कुलूप घातलं. "नळ फुटलाय सांग," म्हणाले.

संध्याकाळी आम्ही चौघं गच्चीवर बसलो. राजवाडा पिवळा लखलखत होता. वहिनी गुडघे चोळत चोळत जुन्या दसऱ्यांच्या गोष्टी सांगत होती. तेवढ्यात डोक्यावर घरघर ऐकू आली. कुणीतरी मिरवणुकीचं चित्रण करायला ड्रोन उडवत होतं, त्याचा लाल ठिपका आमच्या घरावरून सरकला. मी एकदम उठून उभी राहिले.

"काय झालं गं?" अण्णानं विचारलं.

"काही नाही. मुंग्या."

अण्णानं चटईवर नजर टाकली. मग उठला, पाय मोकळे करायला म्हणून कठड्याकडं गेला, आणि बाथरूमच्या दाराशी थांबला. आयुष्यभर पानं सुकवण्यात गेलेल्या माणसाचं नाक ते. तो ह्यांच्याकडं वळून हळूच म्हणाला, "दाजी, उघडा."

ह्यांनी कुलूप उघडलं. वाटलं, आता अण्णा ओरडणार, मला घेऊन जातो म्हणणार. अण्णानं मोबाईलचा उजेड पाडला, झाड खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "छान जोपासलंय."

"अण्णा!" मी म्हणाले.

"झाड चांगलं आहे ते चांगलंच म्हणायचं. पण दाजी, माझ्या तंबाखूला लायसन्स आहे. तुमच्या ह्याला नाही."

"माहीत आहे," हे म्हणाले.

"हातासाठी?"

"हातासाठी."

अण्णानं मान हलवली. वहिनी चटईवरूनच सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "गुडघ्याला चालतं का हो ते?"

तेव्हा आम्ही सगळे हसलो. मीही हसले, कारण कितीतरी दिवसांनी आणखी कुणाला तरी ठाऊक होतं आणि आभाळ कोसळलं नव्हतं.

पण ठाऊक असणं एका माणसापाशी थांबत नाही. गावातल्या कुणाला सांगितलं नाही अशी अण्णा शपथ घेतो, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवते. तरी थोड्या दिवसांनी एक अनोळखी माणूस गेटाशी आला. हातात हेल्मेट. "सर आहेत का?" म्हणाला. "त्यांच्या कारखान्यातल्या मित्रानं पाठवलं. माझ्या आईला कॅन्सर आहे." म्हणजे ह्यांनीही कुणाला तरी सांगितलं होतं. मी म्हणाले, असे कुणी सर इथं राहत नाहीत. तो थोडा वेळ गेटाची कडी धरून उभा राहिला, मग गेला. खरंच त्याची आई आजारी असेल, की तो नुसता बघायला आला असेल? मला आजही माहीत नाही. दोन्ही शक्यतांनी माझी झोप सारखीच उडाली.

त्यानंतर वहिनी गुडघे दाखवायला म्हैसूरला आली आणि आमच्याकडं राहिली. अण्णा गावीच होता, तंबाखूची पानं भट्टीत होती म्हणून. मी कचेरीत गेल्यावर वहिनीनं ह्यांच्याकडं विषय काढला. धूर ओढणं तिला जमणार नव्हतं, म्हणून ह्यांनी तिला ते खाण्यातून दिलं, एका छोट्या लाडवात. स्वतः हे कधी तसं खात नसत. किती द्यायचं ते अंदाजानंच. खाऊन काही झालं नाही. वहिनी वाट बघत बसली, कंटाळली, आणि हे बाहेर गेले असताना तिनं डब्यातला दुसरा लाडूही खाल्ला.

दुपारी माझा फोन वाजला. ह्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "तू ये. लगेच ये."

मी पोचले तेव्हा वहिनी जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. डोळे लाल, ओठ कोरडे. माझा हात धरून म्हणाली, "वन्सं, मी मेले. माझं काळीज बाहेर येतंय. मला माझे पाय दिसत नाहीत." पाय तिच्यासमोरच होते. छातीवर हात ठेवला तर आत काहीतरी धावत सुटल्यासारखं.

रिक्षा केली. हे पुढं ड्रायव्हरशेजारी, मागं मी आणि माझ्या मांडीवर वहिनी. वाटेतच अण्णाला फोन लावला. तो म्हणाला, "डॉक्टरला सांगू नकोस. जेवणातून काही बाधलं म्हण. तुझी नोकरी आहे, आमची गावात अब्रू आहे."

"अण्णा, तिला बीपीच्या गोळ्या चालू आहेत."

"बरी होईल ती. तू सांगू नकोस."

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिनं वहिनीला खाटेवर घेतलं, तारा लावल्या, आणि मला विचारलं, "काय खाल्लं? आधी कधी हृदयाचा त्रास?" हे माझ्यामागं उभे होते, उजवा हात डाव्यानं आवळून. मी त्यांच्याकडं बघितलं. मग मीच कन्नडात सांगितलं. गांजा खाल्लाय, लाडवातून, दोनदा, पहिला सकाळी. बीपीच्या गोळ्या घेतात. सांगत असताना माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

डॉक्टरणीनं एक क्षण माझ्याकडं बघितलं. "बरं केलंत सांगितलंत. नाहीतर आम्ही दुसऱ्याच वाटेला लागलो असतो." मग ती वहिनीवर वाकून तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागली, की हे उतरणार आहे, तुम्ही मरत नाही आहात, माझ्याकडं बघा.

"पोलिसांना कळवावं लागेल का?" मी विचारलं.

"आधी पेशंट बघू," ती म्हणाली.

ते उत्तर घेऊन मी बाकावर जाऊन बसले. दवाखान्याचा वॉचमन खाकीत होता. तो दारातून आत आला की मी उठून उभी राहायची. हे माझ्याशेजारी बसले होते. रिक्षात त्यांचा हात कुठंतरी आपटला होता, तो त्यांनी मांडीवर उताणा ठेवला होता. एकदाच म्हणाले, "ती मला दाजी दाजी म्हणत होती. पाणी मागत होती. मीही ओढून बसलो होतो, मला ग्लास धरता येईना."

दिवेलागणीपर्यंत वहिनीचं धडधडणं खाली आलं. तिनं कॉफी मागितली. डॉक्टरणीनं तिला एक रात्र ठेवून घेतलं आणि सकाळी सोडलं. पोलीस आले नाहीत. अण्णा पहिल्या बसनं आला, वहिनीच्या उशाशी बसला, आणि ह्यांना म्हणाला, "दाजी, मी तुमचं झाड चांगलं म्हटलं होतं. ते शब्द परत घेतो." मला वाटलं म्हणावं, अण्णा, तूही तिच्या जीवाशी खेळायला निघाला होतास. पण वहिनीच माझ्या हाताला धरून होती, म्हणून गप्प बसले.

ती दोघं गेल्यावर हे गच्चीवर गेले. मी मागोमाग गेले. शेजारच्या इमारतीवर कुणी नव्हतं, रविवार होता.

"मी सांगतेय म्हणून करू नका," मी म्हणाले. "तुमचा हात आहे. उद्या पुन्हा आग होणार ती तुम्हाला होणार."

"तू सांगतेस म्हणून नाही," हे म्हणाले. "तो ग्लास मला धरता आला नाही म्हणून."

डाव्या हातानं खोड धरून त्यांनी ओढलं. आलं नाही. गुडघे कुंडीला टेकवून परत ओढलं. मी हात लावायला गेले तर "राहू दे" म्हणाले. शेवटी मुळांसकट उपटून आलं तेव्हा हे मागं पडले आणि तसेच मातीत बसून राहिले.

आणि मग लक्षात आलं की त्याचं करायचं काय हेच ठरलेलं नाही. ओल्या कचऱ्यात टाकावं तर पालिकेची बाई पिशवी उघडून बघते. जाळावं तर वास अख्ख्या गल्लीला. पोत्यात भरून कुठं नदीकाठी टाकावं तर वाटेत कुणी थांबवलं म्हणजे? लावताना एक बी पुरलं होतं, नाहीसं करायला आम्ही दोघं गच्चीवर बसून कात्रीनं बारीक तुकडे करत होतो. ते शेणखताच्या पिंपात घातले, पाणी ओतलं, वर माती आणि झाकण. किती तरी दिवस मी जाऊन झाकण उचलून बघायची, कुजलंय का. हे कधी त्या बाजूला गेले नाहीत.

पुढचे आठवडे वाईट होते. आग परत आली, झोप गेली, भूक गेली. हे चिडचिडे झाले. सकाळी सवयीनं उठून जिन्यापर्यंत जायचे आणि पहिल्या पायरीवर थांबायचे. मी मोगऱ्याचं रोप आणलं तर म्हणाले, "मला पोराच्या हातात खुळखुळा देतेस काय?" रोप तसंच पिशवीत वाळून गेलं. एकदा तर म्हणाले, "तुझी नोकरी वाचली ना? मग झालं." मी ताट ठेवून उठले.

वहिनीला तपासणाऱ्या त्या डॉक्टरणीनंच जाताना सांगितलं होतं की मोठ्या इस्पितळात फक्त वेदनांसाठी वेगळा विभाग असतो. बरेच दिवस हे नाही म्हणत राहिले, मग एक दिवस चप्पल घालून तयार होऊन बसले. तिथल्या डॉक्टरांना ह्यांनी सगळं सांगितलं, गच्चीवरच्या झाडासकट. आधीच्या कुठल्याच डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, तुम्हाला त्यानं बरं वाटलं ह्याचं मला नवल वाटत नाही, पण किती, कसलं, कशाबरोबर, हे तुम्हालाही माहीत नव्हतं आणि मलाही नसतं. त्यांनी नव्या गोळ्या दिल्या, मानेजवळ एक सुई दिली, आणि हाताचा व्यायाम शिकवायला एका बाईंकडं पाठवलं. निम्मी आग गेली असेल. निम्मी आहे. बाही अजून कापावी लागते.

अण्णा एकदा फोनवर म्हणाला, "उद्या कायदा बदलला, सरकारनंच लावा म्हटलं, तर दाजी?"

हे म्हणाले, "तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर दुकानातून आणीन. घरात नाही वाढवणार."

फोन ठेवल्यावर मात्र मला म्हणाले, "खोटं बोललो. वाढवीन. ते वाढवण्यातच मजा होती."

त्यांचं बरोबर की माझं, हे माझ्या मनात अजून ठरत नाही. कधी वाटतं, त्या दिवसांत हा माणूस हसत होता, आणि मी भीतीपायी ते हसणं पुरतं बघितलंही नाही. कधी वाटतं, वहिनीला दुसरं काही झालं असतं तर? विचार येतात आणि मी उठून कुठलं तरी काम काढते.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही दोघं बेट्टदपुराला गेलो. घराला नुसतं कुलूप लावलं आणि निघालो, किल्ली कुणाला दिली नाही. वहिनीनं दारातच ह्यांना विचारलं, "दाजी, लाडू आणलेत का?" आणि हे लाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, टेकडीवरच्या देवळात जायचं. वहिनीचे गुडघे, अण्णाची नांगरणी, म्हणून आम्ही दोघंच चढायला लागलो. अर्ध्या वाटेत वारा सुटला आणि ह्यांच्या हाताची आग पेटली. हे पायरीवर बसले, दात आवळून. मी पदर पसरून हाताभोवती आडोसा धरला, तर म्हणाले, "नको, कापड लागतं." मग मी वाऱ्याच्या बाजूला बसले. खाली तंबाखूची रिकामी शेतं, वर देऊळ अजून बरंच लांब. माणसं आमच्या बाजूनं चढत होती, उतरत होती.

"उतरायचं का?" मी विचारलं.

"थांब जरा," हे म्हणाले. "वारा पडू दे."

आम्ही बसून राहिलो.